लाल झालं, निळं राहिलं

वहिनी, तुम्हाला आम्ही मागच्या दाराने नेलं.

निजामपुऱ्यातल्या तुमच्या टेनामेंटला पुढे रुंद ओटा आहे, मोठं दार आहे. तरी चौघांनी तुम्हाला स्वयंपाकघरातून, भांडी घासायच्या चोकडीवरून, तिरकं होत बाहेर काढलं. लोकांना ते विचित्र वाटलं असणार, पण कुणी विचारलं नाही. कारण एवढंच की पुढच्या खोलीत जमिनीवर तुमची रांगोळी होती आणि दादा तिच्या कडेला उभा होता. तो ओरडला नाही, रडला नाही. "इथून नाही," एवढंच म्हणाला.

काल तेरावा झाला. आज हे लिहायला बसलो आहे, कारण त्या रांगोळीचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ती जिथे सोडलीत तिथून सुरुवात करतो. पूर्ण उंचीचा माणूस, तळवे पुढे करून, पाय थोडे फाकवून उभा. त्याला कातडी नाही, हाडं नाहीत, चेहरा नाही. फक्त रक्ताच्या वाटा. ताजं रक्त हृदयापासून दूर नेणाऱ्या सगळ्या रोहिण्या लाल रंगात पूर्ण झालेल्या: छातीतून वर निघून कमानीसारखी वळलेली जाड महारोहिणी, मानेतून डोक्याकडे गेलेल्या, हातांत उतरलेल्या, पोटात फुटून मांड्यांमधून पायाच्या बोटांपर्यंत बारीक होत गेलेल्या. काळपट रक्त परत आणणाऱ्या नीला काढायच्या राहिल्या. निळ्या रंगाचा डबा झाकण लावून भिंतीशी ठेवलेला होता.

अशा रांगोळीवर पंखा चालत नाही. पूड उडते. दिवाळीच्या तोंडावर बडोद्यात किती उकडतं ते तुम्हाला सांगायला नको. दादाने खिडक्या लावून घेतल्या, पंख्याचं बटण बंद केलं आणि भिंतीला खुर्ची टेकवून बसला. ऐंशीला टेकलेला माणूस, छातीवर बायपासची खूण. डॉक्टर दोनदा येऊन बजावून गेले की असं घामाने निथळत बसणं या हृदयाला झेपणार नाही. मूलबाळ नाही, म्हणजे तुमच्यामागे त्याला सांगणारा मी एकटाच. रांगोळी ठेवायची तर दादा जातो. दादाला वाचवायचं तर तुम्ही केलेलं शेवटचं काम माझ्या हाताने उडवायचं. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या टेबलावर काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवत आलो. हे ठरवता येईना.

आपण मराठी लोकही इथे आता गुजरात्यांसारखं बेसणं करतो. चार ते सहा, पांढऱ्या चादरी, फोटोला हार. तुमच्या बेसण्याचा चार ओळींचा मजकूर मीच गुजरातीत लिहिला. दुसऱ्यांच्या मजकुरातली विशेषणं काढण्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. तुमच्याही मजकुरात एक घातलं नाही. पत्ता मात्र समोरच्या रमीलाबेनच्या घरचा द्यावा लागला, कारण तुमच्या पुढच्या खोलीत चादर अंथरायला जागा नव्हती. लोक तिकडे तुमच्या फोटोला नमस्कार करत होते आणि तुमचा नवरा इकडे बंद खोलीत बसून होता.

रमीलाबेन मधूनमधून ओट्यावर येऊन उभ्या राहत. "मोटाभाई, पंखो तो चालु करो. आटली गरमीमा माणस बेसे?" दादा मान हलवायचा. "नलिनीबेन होत ने, तो तमने वढत," त्या म्हणायच्या. तुम्ही असता तर त्याला रागावला असता, हे खरं होतं. दादाचं उत्तर ठरलेलं: "ती असती तर हे पूर्ण झालं असतं."

दांडिया बाजारातून आत्या आल्या. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अरे, सुतकात घरात रांगोळी? पुसून टाका आधी."

"सुतक लागायच्या आधीची आहे, आत्या," दादा म्हणाला.

आत्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेल्या.

*

त्या आदल्या संध्याकाळचं बोलणं अर्धं राहिलं, वहिनी. तेच मनातून जात नाही.

मी फतेगंजहून नेहमीसारखा आलो होतो. तुम्ही रांगोळीवर आडव्या ठेवलेल्या फळीवर पालथ्या पडून पायाची बोटं पुरी करत होतात. उजवा हात कोपरापर्यंत लाल.

"भाऊजी, चपला बाहेर. आणि शिंकायचं असेल तर आत्ताच शिंकून घ्या."

"वहिनी, दर दिवाळीला तुम्ही एकच बातमी छापता."

"तुमच्या अंकात रोज वेगळं असतं वाटतं? नावं तेवढी बदलतात. माझ्यात तीही बदलत नाहीत."

आतून दादाचा आवाज आला, "तिला बोलण्यात गुंतवू नकोस रे. चहा मला करावा लागेल."

"करा की एकदा," तुम्ही म्हणालात. "दूध कुठे असतं ते तरी कळेल."

मग मला ती रेघ दिसली. अख्खं चित्र लाल, आणि हृदयावर, महारोहिणीच्या मुळापासून खाली उतरणारी, करंगळीएवढी एकच निळी रेघ. इतक्या वर्षांत ती तुम्ही कधी काढली नव्हती.

"ही दादाची," मी म्हणालो. "बायपासची."

"शंभरपैकी शंभर."

"मग लाल हवी. नियम तुमचाच आहे. रंग नळीचा नाही, रक्ताचा. फुफ्फुसांकडे जाणारी वाट रोहिणी असूनही तुम्ही तिला निळी काढता, कारण तिच्यातलं रक्त काळपट. फुफ्फुसांकडून येणाऱ्या वाटा नीला असूनही लाल, कारण ते रक्त ताजं. ही शीर पायातून काढलेली असली तरी आता तिच्यातून ताजं रक्त वाहतं. तेव्हा लाल."

तुम्ही फळीवर उठून बसलात. माझ्याकडे पाहून हसलात, विद्यार्थ्याने बरोबर पण अपुरं उत्तर दिलं की हसायचात तसं.

"उद्या सांगते, भाऊजी. आधी हात धुते."

हात धुतलेत, चहा केलात, तो दादाने आणि मी प्यायला. नखांत थोडं लाल राहिलं होतं. सकाळी तुम्ही उठला नाहीत तेव्हाही ते तिथे होतं.

*

हा सगळा खटाटोप कसा सुरू झाला ते मी पाहिलेलं आहे. तुमच्या मराठी शाळेत रक्ताभिसरणाचा एक जुना तक्ता होता. वर्षानुवर्षं एकाच जागी घडी पडून त्याला भोक पडलं होतं, आणि ते नेमकं हृदयावर. नवा तक्ता मिळेना, कारण शाळेचे वर्गच एकेक करून बंद होत होते. तेव्हा तुम्ही सभागृहातल्या फरशीवर रांगोळीने माणूस काढलात. भिंतीएवढा लांब, वाटा पायवाटेएवढ्या रुंद. आणि मुलांना त्यात उतरवलंत.

"तुम्ही रक्त. चला."

मी चार ओळींच्या बातमीसाठी आलो होतो. दाराशी उभा राहून पाहत होतो. मुलं निळी फडकी घेऊन हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात शिरली, खालच्या कप्प्यात उतरली, तिथून फुफ्फुसात गेली. तिथे निळं फडकं टाकायचं, लाल घ्यायचं. परत हृदयात, पण आता डाव्या बाजूला. पुन्हा वरून खाली. तिथून महारोहिणीत, आणि मग कुणी डोक्याकडे, कुणी पायाकडे. शेवटाला पोहोचलं की लाल टाकून निळं घ्यायचं आणि परतीची वाट धरायची. दोन कप्प्यांच्या मध्ये दोन मुली झडप म्हणून उभ्या होत्या. पुढे जाणाऱ्याला सोडायचं, मागे फिरणाऱ्याला नाही. त्यांनी एका मुलाला कॉलर धरून पुढे ढकलल्याचं मला आठवतं.

तोच मुलगा तीन-चार फेऱ्यांनंतर दमून म्हणाला, "बाई, उतरायचं कुठे? स्टॉपच येत नाही."

"येतच नाही. उतरायचं नाही," तुम्ही म्हणालात. "तू आत्ता इथे उभा राहून हे विचारतोस ना, तेवढ्यात तुझ्या अंगातलं रक्त बरंच पुढे गेलं. मिनिटभरात फिरून परत येईल. तू आईच्या पोटात होतास तेव्हापासून हे चाललंय. तू झोपतोस तेव्हाही थांबत नाही."

मुलगा स्वतःच्या छातीकडे पाहत राहिला. मग त्याने हळूच तिथे हात ठेवला. एकेक करत सगळ्यांनी ठेवला. माझा हात कुठे होता ते मी बातमीत लिहिलं नाही.

त्याच दिवाळीत तुम्ही मंडळाच्या रांगोळी प्रदर्शनात हा माणूस काढायला घेतलात, आणि सगळ्या बडोद्यात फक्त तुमच्याच हातून होईल अशी चूक केलीत. रांगोळी काढणारा माणूस लांबून जवळ येतो. आतून सुरू करून दाराकडे मागे सरकत यायचं, म्हणजे काढलेल्यावर पाय पडत नाही. तुम्ही मात्र रक्ताच्या मागे मागे गेलात. हृदयातून निघून पायापर्यंत, पायातून परत वर, आणि शेवटची निळी रेघ हृदयाला मिळवून मान वर केलीत तेव्हा तुम्ही त्या माणसाच्या पोटातल्या वाटांच्या मधल्या जागेत बसलेल्या होतात. चारी बाजूंनी रेघा. बाहेर पडायला वाट नाही.

"अगं, दार कुठे ठेवलंस?" दादा बाहेरून म्हणाला.

"याला दार नसतं!" तुम्ही चिडून ओरडलात. मग आपण काय बोललो ते तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही एवढ्या हसलात की गुडघ्याजवळची पूड हलली. परीक्षक येईपर्यंत तुम्ही तिथेच. चहाचा कप मी झाडूच्या दांड्याला पिशवी अडकवून आत पोहोचवला.

पुढच्या वर्षी दादाने गोरव्याच्या कारखान्यातून लोखंडी अँगल आणून तुम्हाला बुटक्या पायांची लांब फळी करून दिली. पूर्ण चित्रावर आडवी उभी राहील अशी, तुमच्या वजनाने वाकणार नाही अशी. तो पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. लग्नात तुम्ही एकमेकांना काय दिलंत मला माहीत नाही. पण ती फळी मी दोघांच्या मध्ये कायम पाहिली.

*

आपलं भांडण दोन गोष्टींवरून. पहिली निळ्या रंगाची.

"रक्त निळं नसतं, वहिनी. परतीचं रक्त गडद लाल असतं. मुलांना खोटं का शिकवता?"

"नकाशात गुजरात हिरवा दाखवला तर लोक इथे शेवाळ शोधत येतात का?"

हे भांडण तुम्ही जिंकलंत. दुसरं तसंच राहिलं. तुमच्या चित्रात बोटांच्या टोकाशी लाल रेघ संपायची, निळी सुरू व्हायची, आणि मध्ये बोटभर मोकळी फरशी असायची. मी म्हणायचो, ही जागा रिकामी कशी? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे वाट कुठे तुटत नाही. तुम्ही दरवर्षी ती जागा भरून पाहायचात. लाल आणि निळा चिमटीत एकत्र घेतले की मातकट राखाडी व्हायचे. तुम्ही फुंकरीने ते उडवून टाकायचात.

"रिकामी नाहीये, भाऊजी. तिथेच सगळ्यात जास्त गर्दी आहे," तुम्ही म्हणालात. "केसाहून बारीक वाहिन्या, इतक्या बारीक की रक्ताची एकेक पेशी अंग चोरून, एकेरी रांगेत जाते. आपला श्वास, आपलं जेवण, सगळं त्या जागी अंगाला मिळतं. हृदय, झडपा, एवढी मोठी महारोहिणी, हे सगळं कशासाठी? रक्त त्या जागेपर्यंत पोहोचावं म्हणून. आणि नेमकी तीच मला काढता येत नाही."

रक्त गोल फिरतं हे ज्या इंग्रज डॉक्टराने सिद्ध केलं, त्यालाही ती जागा दिसली नव्हती, हे तुम्हीच सांगितलंत. रक्त या बाजूने जातं आणि त्या बाजूने येतं, म्हणजे मध्ये वाट असलीच पाहिजे, एवढ्यावर तो ठाम राहिला. ती प्रत्यक्ष दिसली दुसऱ्या माणसाला, बेडकाच्या फुफ्फुसात, तो डॉक्टर गेल्यानंतर. हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. देवळात लोक बोलतात तसा व्हायचा. मी नास्तिक माणूस. पण माझ्या मनगटाखाली हे असं काही सतत चालू आहे हे तुमच्यामुळे मला कळलं, आणि कळल्यापासून हात साधा हात राहिला नाही.

*

दादाच्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आपण तिघं दवाखान्याच्या खोलीत होतो.

"पायातली शीर काढून छातीत लावणार आहेत," तुम्ही त्याला सांगत होतात.

"उलटी लावायला सांग त्यांना," दादा म्हणाला. "पायातल्या शिरेत झडपा असतात असं तूच म्हणतेस. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटसुलट बसला तर लाइन बंद."

"उलटीच लावतात. त्यांना माहीत असतं."

"तरी सांग."

आणि तुम्ही खरंच जाऊन सांगितलंत. सर्जन हसले. "बेन, इतकं तर आम्हालाही शिकवलंय," म्हणाले.

मग तुम्ही मला बाहेरच्या बाकावर बसवलंत आणि सांडलेल्या चहात बोट बुडवून हृदय काढून दाखवलंत. तुम्हाला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तुम्ही शिकवायला लागायचात. म्हणालात, हे बघा, आतून सतत रक्ताने भरलेलं, पण आतल्या त्या रक्तावर ते जगू शकत नाही. भिंत जाड आहे, आतलं रक्त भिंतीच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून महारोहिणी बाहेर पडल्या पडल्या तिच्या पहिल्या दोन फांद्या मागे वळतात आणि हृदयाला वरून वेढतात. आणि ते घेतं कधी? जोर लावताना नाही, तेव्हा त्याच्याच भिंती आवळलेल्या असतात. दोन ठोक्यांच्या मध्ये जो विसावा असतो ना, तेवढ्यात ते स्वतःचं बघतं.

"दादा म्हणतो, न उघडता इतकी वर्षं चालणारा पंप कुणी बनवू शकत नाही," मी म्हणालो.

"उघडतायत ना उद्या," तुम्ही म्हणालात, आणि पदराने बाक पुसून टाकला.

तो वाचला. मी तुमचे आभार मानले नाहीत. दीर-वहिनीत आभार कसले, असं तेव्हा वाटलं. आता मानतो. तोंडावर मानायचे राहिले.

*

काल जेवणं झाली. आत्या गेल्या, रमीलाबेन भांडी आवरून गेल्या. मी दादाला पुन्हा सांगायचं ठरवून पुढच्या खोलीत आलो. त्याचा सदरा पाठीला चिकटलेला होता. श्वास तोंडाने चालला होता.

"निळा डबा दे," तो म्हणाला.

"तुला येतं काढायला?"

"नाही. तुला सांगता येतं?"

"येतं."

"मग बस समोर."

फळी मी सरकवली. तिच्यावर तो एक कुल्ला टेकवून बसला, स्वतःच घडवलेल्या फळीवर पहिल्यांदाच. चिमटीत निळा घेतला.

"कुठून?"

"पायाच्या बोटांपासून. जिथे लाल संपतं, तिथून बोटभर जागा सोड."

"का?"

"वहिनी सोडायच्या."

रेघ वाकडी आली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चालेल. शिरा कुणाच्याच सारख्या नसतात, प्रत्येकाच्या थोड्या वेगळ्या. तेही तुमचंच. तो पोटरीपर्यंत आला. मी सांगितलं की पायातलं रक्त चढाने वर जातं. आपण चाललो की पोटरी पिळली जाते आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत.

"बूस्टर पंप," तो म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घामाचा थेंब चित्राच्या पोटरीवर पडला, निळ्यात एक खळगा झाला. मी फडकं घेऊन उठलो. "राहू दे," तो म्हणाला.

चित्राचा उजवा पाय झाला. मग डावा. त्यातली आतली खोल शीर त्याने काढली.

"आता दुसरी," मी म्हणालो. "घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीपर्यंत जाते. सगळ्यात लांब."

"तिथे काही नाही."

"आहे, दादा. उजव्या पायात काढलीस ना तीच."

त्याने डाव्या पायावरचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. घोट्यापासून निघालेला पांढरा, बारीक व्रण. ऑपरेशननंतर मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

"तिथे काही नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि निळ्या बोटाने चित्राच्या हृदयाकडे दाखवलं. "वर गेली ती."

वहिनी, मला तेव्हा प्रदर्शनातले ते परीक्षक आठवले. एका वर्षी त्यांनी तुमच्या रांगोळीसमोर उभं राहून सांगितलं होतं, डाव्या पायात एक शीर राहिली. तुम्ही म्हणालात, "राहू दे." त्यांनी गुण कापले. पुढच्या वर्षीही राहिली, त्याच्या पुढच्याही. एवढ्या काटेकोर बाईंची ही एकच सवयीची चूक, असं मी धरून चाललो होतो. तो शरीरशास्त्राच्या पुस्तकातला माणूस नव्हताच. ऑपरेशननंतरच्या प्रत्येक दिवाळीत तुम्ही दादाला फरशीवर काढत होतात. माणसं रांगा लावून त्याला पाहून जात होती, लहान मुलांना दाखवत होती, आणि तो तुमच्याशेजारी उभा राहून चपला बाहेर काढायला सांगत होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला विचारूनच सोडली तिने. खरं काढू का, म्हणाली. मी म्हटलं, खरं काढ."

"मग वरची लाल का नाही? तिच्यातून आता ताजं रक्त जातं. मी त्यांना विचारलं होतं. उद्या सांगते म्हणाल्या."

दादाने बोटांवरचा निळा झटकला. "कारखान्यात जुन्या लाइनचा पाइप नव्या लाइनला जोडला ना, तर त्याचा जुना रंग खरवडायचा नाही, असा माझा नियम होता. पुढच्या फिटरला कळायला पाहिजे, हा कुठून आलाय. हे मी तिला कधीतरी सांगितलं असेन." त्याने चिमूट पुन्हा भरली. "ध्यानात ठेवलं तिने."

तर हे तुमचं उत्तर मिळालं. भांडण मी हरलो. असं हरायला मी रोज निजामपुऱ्यात आलो असतो.

पुढचं आम्ही दोघांनी मिळून केलं. आतड्यांकडून येणारी शीर तो सरळ हृदयाकडे नेत होता, तेव्हा मी थांबवलं. "आधी यकृतात ने."

"हां, जकात नाका," तो म्हणाला. तुमचाच शब्द. तिथे माल तपासल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. मग हात, मान, डोकं. शेवटी वरून एक आणि खालून एक, दोन जाड निळ्या शिरा हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात आणून मिळवल्या. त्याच्या खालच्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे जाणारी निळी रोहिणी काढली, आणि वाट पूर्ण झाली. कुठे सुरुवात नाही, शेवट नाही. रेघ जागोजागी कापत गेलेली, जाड-बारीक झालेली. परीक्षकांनी गुण कापले असते.

दादाने हात झटकले. फळीवरून उतरून खुर्चीत बसला. बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिला. मग सदऱ्याच्या बाहीने गळा पुसला, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच म्हणाला, "गरम होतंय रे मला."

मी उठलो. बटणापाशी थांबलो. "उडेल, दादा."

"माहीत आहे. एकवर लाव."

पंखा कुरकुरत फिरायला लागला. छातीवरचे जाड थर हलले नाहीत. ती निळी रेघही नाही. आधी हलली ती टोकं, हाताच्या आणि पायाच्या बोटांपाशी, जिथे पूड सगळ्यात बारीक होती. लाल या बाजूने सरकलं, निळं त्या बाजूने. तुम्ही दरवर्षी मोकळी सोडलेली ती बोटभर जागा भरत गेली. मातकट राखाडी नाही झाली, वहिनी. कणाशेजारी कण, लाल आणि निळा, वेगवेगळे दिसत होते आणि कुठे एक संपून दुसरा सुरू होतो ते सांगता येत नव्हतं. मी खाली वाकून पाहिलं. दादाही वाकला. आम्ही दोघांनी श्वास रोखून धरला होता.

मग तो खुर्चीत मागे टेकला.

"दोनवर कर," तो म्हणाला.